बेडसोरच्या तक्रारीत तज्ज्ञाचे शपथपत्र हवेच का?

कृष्णाकाठ
मिरजेत खुब्याचे ऑपरेशन, आणि घरी बघणारे कोणी नाही म्हणून पुढचे दोन महिने सांगलीतल्या नाहीतर साताऱ्यातल्या केअर सेंटरमध्ये. मग एक दिवस चादर बदलताना माकडहाडापाशी हाड दिसेल इतकी खोल जखम सापडते: बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबामुळे झालेली जखम. नातेवाईक वकिलाकडे येतात, वकील म्हणतो, 'आधी तज्ज्ञ डॉक्टरचे मत आणा.' गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, आणि ग्राहक कायद्याच्या कलम 69 ची दोन वर्षांची मुदत निघून जाते.

हे थांबले पाहिजे. दर दोन तासांनी कूस बदलायची होती, बदलली नाही, हे समजायला सर्जन लागत नाही. व्ही. किशन राव प्रकरणात (2010) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा पुरावा लागतोच असे नाही. सविता गर्ग निकालाप्रमाणे (2004) तक्रारदाराने प्राथमिक बाजू मांडली की काळजी घेतल्याचे दाखवण्याचा भार रुग्णालयावर जातो. टर्निंग चार्ट, म्हणजे कूस कधी बदलली याच्या नोंदींचा तक्ता, नसेल तर तक्रार दाखल करा. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फीसुद्धा नाही.

जाबदारांतर्फे
पूर्ण असहमत. भार सरकतो, पण आधी तो सरकवावा लागतो. बेडसोर उत्तम काळजी घेऊनही होतो. मधुमेह, रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घसरलेले, आयसीयूत रक्तदाब टिकवायची औषधे चालू, अशा रुग्णाच्या कातडीला रक्तपुरवठाच अपुरा असतो.

याहून अडचणीचा मुद्दा वेळेचा. खोलवरच्या ऊतींना झालेली इजा वर दिसायला 48 ते 72 तास लागतात. म्हणजे केअर सेंटरमध्ये तिसऱ्या दिवशी दिसलेला जांभळा डाग मिरजेच्या ऑपरेशन टेबलावर सुरू झालेला असू शकतो. हे उलगडून सांगणारे कोणी नसेल तर रुग्णालय सेंटरकडे बोट दाखवणार, सेंटर रुग्णालयाकडे, आणि तक्रार फेटाळली जाणार. शिवाय जखम हाडाच्या उंचवट्यावर आहे, म्हणजे बेडसोर आहे, की लघवीच्या ओलीने मांडीच्या घडीत कातडी सोलली आहे, हा फरक नुसत्या फोटोवरून तुम्ही आणि मी सांगणार?

वॉर्ड नंबर चार
नर्सिंग शिकवणाऱ्याच्या नजरेने लिहिते. 'चार्ट आहे की नाही' एवढ्यावर थांबू नका, चार्ट वाचा. रात्री 8, 10, 12, 2, 4, 6 अशा सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच दाबाने, आणि सकाळी 8 वाजताची नोंदही त्याच हातची, तेव्हा ड्युटी बदललेली असताना. असा चार्ट एका बैठकीत भरलेला असतो. तो ड्युटी रजिस्टरशी लावून बघा. 'डावी कूस' लिहिलेल्या वेळी रुग्ण सीटी स्कॅनला खाली नेलेला असेल, तर स्कॅनच्या फिल्मवर वेळ छापलेली असते.

दाखल होतानाची ब्रेडन स्केलची, म्हणजे बेडसोरचा धोका गुणांत मोजण्याच्या पद्धतीची, नोंद शोधा. 6 ते 23 गुण असतात. 18 किंवा कमी म्हणजे धोका, 12 किंवा कमी म्हणजे मोठा धोका. धोका नोंदवला आणि पुढे काहीच केले नाही, हे नोंद नसण्यापेक्षा वाईट.

आणि कृपा करून 'एअर बेड दिला होता' या उत्तरावर गप्प बसू नका. हवेची गादी दाब वाटून देते, कूस बदलण्याची जागा घेत नाही. वीज गेली, पंप बंद पडला, की ती साधी प्लॅस्टिकची चादर. अजूनही काही ठिकाणी रबरी रिंग बसवतात आणि लाल झालेल्या जागी स्पिरिट चोळतात. रिंगच्या कडेने रक्त अडते, चोळण्याने आतली इजा वाढते. कूस साधारण 30 अंश, पाठीला उशी, पोटरीखाली उशी आणि टाच अधांतरी, एवढे साधे काम आहे हे.

कृष्णाकाठ
ताई, शाईचा मुद्दा मोलाचा. जाबदारांचे वकीलसाहेब वेळेबद्दल म्हणतात ते मान्य. म्हणूनच रुग्णालय आणि सेंटर दोघांनाही जाबदार (विरुद्ध पक्ष) करावे. पण यातून माझेच म्हणणे पुढे जाते. तज्ज्ञ म्हणजे सर्जनच कशाला? चूक नर्सिंगची, तर नर्सिंगच्या निवृत्त प्राध्यापकाचे शपथपत्र चालेल.

जाबदारांतर्फे
म्हणजे तज्ज्ञ हवा, एवढे कबूल झाले.

कृष्णाकाठ
उपयोगी आहे. नसेल म्हणून मुदत जाऊ द्यायची नाही, एवढेच.

सेवाभावी
आमच्यासारख्या केंद्रांची बाजूही ऐका. आम्ही रुग्णालय नाही. प्रवेशावेळी नातेवाईक 'संस्था जबाबदार राहणार नाही' असे लिहून देतात, पैसे देणगी म्हणून घेतो. रुग्ण टाकून गेलेली मुले तीन-तीन महिने फिरकत नाहीत, प्रोटीन पावडर आणा म्हटले तर फोन उचलत नाहीत. जखम झाली की मात्र नोटीस.

कृष्णाकाठ
मुले येत नाहीत हे खरे, आणि आयोगापुढे ते जरूर मांडा. आणायला सांगितल्याची नोंद तारखेसह ठेवा. पण दर महिन्याला ठरावीक रक्कम, ती न दिल्यास माणूस परत न्यायचा, याला देणगी म्हणत नाहीत, मोबदला म्हणतात. बँकेच्या नोंदीतून ते दिसते. स्वतःच्या हलगर्जीतून सुटका देणारे हमीपत्र आयोगापुढे टिकेल या भरवशावर राहू नका. आणि 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याच्या व्याख्येत आजार, इजा किंवा दुर्बलता असलेल्यांना ठेवून उपचार व शुश्रूषा देणारी जागा येते. खाटेवरच्या माणसाला नळीने भरवता, ड्रेसिंग करता, मग नोंदणी का नाही, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणारच.

अजिंक्यतारा
एवढा खटाटोप कशाला, मृत्यू झाला तर थेट पोलिसांत जावे.

जाबदारांतर्फे
डॉक्टरविरुद्ध जाणार असाल तर सर्वोच्च न्यायालयाचा जेकब मॅथ्यू निकाल (2005) वाचा: घोर हलगर्जी आणि दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे मत, दोन्ही लागते. सेंटरच्या मालकाला किंवा कामाच्या मावशींना मात्र ते कवच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) मध्ये वैद्यकीय प्रक्रिया करताना झालेल्या हलगर्जीसाठी नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा, इतरांना पाच. पण दोन्हीकडे मृत्यूचे कारण सिद्ध करावे लागते, आणि शवविच्छेदन झालेलेच नसते. नातेवाईक 'आता देहाची चिरफाड नको' म्हणतात, मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद' असे येते, संपले.

वॉर्ड नंबर चार
जिवंतपणी झालेली तपासणी तिथे कामाला येते. जखमेच्या पुवाचे आणि रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी), दोन्हींत एकच जंतू आला तर सेप्सिस (शरीरभर पसरलेला जंतुसंसर्ग) जखमेतून झाल्याचे म्हणायला आधार मिळतो. केस पेपरच्या प्रती मागताना हे लॅब रिपोर्ट, ड्युटी रजिस्टर आणि नर्सेस नोट्स नाव घालून मागा. डॉक्टरांवर वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचार नियमावलीने 72 तासांत प्रती देण्याचे बंधन आहे. डॉक्टरच नसलेले सेंटर दाद देणार नाही. तिथे आयोगाकडून कागद हजर करण्याचा आदेश घ्यावा.

सेवाभावींना एक विनंती. माणूस आत घेतानाच, नातेवाईक समोर असताना, कुशीवर वळवून माकडहाड, दोन्ही खुबे, दोन्ही टाचा, कानामागची जागा बघा. लाल डाग असेल तर बोटाने दाबा. दाब काढल्यावरही पांढरा पडत नसेल तर ती बेडसोरची पहिली पायरी. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो, तारीख, वेळ, नातेवाइकाची सही. मिरजेहून आलेली जखम तुमच्या नावावर चढणार नाही, आणि तुमच्याकडे झालेली मिरजेच्या नावावर ढकलता येणार नाही.

जाबदारांतर्फे
त्या फोटोसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र जोडा, आणि मूळ फोन विकू नका.