थायरॉईड संप्रेरक-रोध: ४० हजारांत एक, पण सापडतो किती?

टी-फोर हे थायरॉईडचं संप्रेरक; ते वाढलं की थायरॉईडला चालना देणारं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं टीएसएच दबायला हवं. म्हणून 'टी-फोर वाढलेलं, तरी टीएसएच नॉर्मल. लॅबचीच चूक असणार' असं एकाने म्हटलंय. बहुतेक वेळा तसंच असतं, बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्याही आकडे बिघडवतात. पण दुसऱ्या लॅबमध्येही तेच आलं तर थायरॉईड संप्रेरक-रोधाचा, म्हणजे शरीर या संप्रेरकाला नीट दाद देत नाही अशा विकाराचा विचार हवा. डॉक्टर रेफेटॉफ यांनी १९६७ मध्ये तो प्रथम वर्णिला. प्रमाण साधारण ४० हजार जन्मांत एक असं सांगतात. मला ते कमीच वाटतं, कारण नवजात बाळांची फक्त टीएसएच तपासली तर हा विकार निसटतो.

बहुतेकांत टीएचआरबी या, थायरॉईड संप्रेरकाचा ग्राहक (रिसेप्टर) बनवणाऱ्या जनुकात दोष असतो. पिट्युटरीला संप्रेरक नीट 'ऐकू' येत नाही, म्हणून टीएसएच दबत नाही. गलगंड, धडधड दिसली की ग्रेव्ह्ज (थायरॉईड जास्त काम करण्याचा आजार) समजून थायरॉईड दाबणाऱ्या गोळ्या, कधी थायरॉईड नष्ट करणारं रेडिओआयोडीनही दिलं जातं, ते नुकसानच. पिट्युटरीची टीएसएच स्रवणारी गाठही अशीच दिसते, मात्र एकट्या एमआरआयवर विसंबू नका, निरुपद्रवी बारीक गाठी अनेकांत असतात. आधी आईवडील-भावंडांचे टी-फोर, टीएसएच करा: स्वस्त आणि बोलकं. दोष पालकाकडून आला असेल तर प्रत्येक मुलाला शक्यता निम्मी. मग जनुक-चाचणी. ती नॉर्मल आली तरी विकार नाहीच, असं नाही.