मदत हवी आहे : यूव्ही फ्लॅटबेडवर ८ पासवरून खाली उतरायचे आहे, पण गडद रंगात पट्टे दिसतात

नमस्कार मंडळी,

इंदूरला सांवेर रोडच्या औद्योगिक भागात आमचा छपाईचा कारखाना आहे. दुकानांचे फलक, अ‍ॅक्रिलिकच्या नावाच्या पाट्या, प्रदर्शनांचे पॅनेल आणि भाद्रपद जवळ आला की गणेशोत्सवाच्या सजावटीचे व अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचे (मिरवणुकीतल्या सजवलेल्या चित्ररथांचे) सनबोर्ड, म्हणजे फोमचे हलके फलक, असे आमच्या कामाचे स्वरूप आहे. वर्षभर यंत्राचा वेग पुरेसा वाटतो, पण या दोन महिन्यांत मात्र प्रत्येक शीटमागची मिनिटे मोजावी लागतात, कारण झांकीचे काम एका ठरलेल्या रात्री रस्त्यावर उतरते आणि ती तारीख कोणासाठीही पुढे सरकत नाही.

आमचे यंत्र यूव्ही फ्लॅटबेड आहे, म्हणजे सपाट बेडवर ठेवलेल्या शीटवर छापून यूव्ही प्रकाशाने शाई सुकवणारे. त्याचा बेड अडीच मीटर बाय एक मीटर तीस सेंटिमीटरचा आहे. हेड रिकोचे जेन-५ आहेत, आणि एका हेडवर दोन रंग अशी मांडणी आहे; म्हणजे दोन हेड चार रंगांसाठी आणि त्यांच्याच ओळीत शेजारी एक हेड पांढऱ्यासाठी. कॅरिजच्या (हेड घेऊन शीटवरून ये-जा करणाऱ्या भागाच्या) दोन्ही बाजूंना ३९५ नॅनोमीटरचे एलईडी दिवे आहेत. रिपमध्ये (छपाईसाठी फाइल तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तीन मोड तयार मिळाले होते. पास म्हणजे एकाच भागावरून हेड किती वेळा फिरते ती संख्या : ४ पासला ६०० बाय ६००, ६ पासला ६०० बाय ९०० आणि ८ पासला ६०० बाय १२०० डीपीआय (इंचामागे ठिपके). यंत्र बसवून देणाऱ्या तंत्रज्ञांनी ८ पास वापरण्याचा सल्ला दिला होता आणि आजवर आम्ही तोच पाळत आलो आहोत. दोन्ही दिशांनी छपाई करून आठ बाय चारच्या पूर्ण शीटला साडेनऊ मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. मला हा वेळ सात मिनिटांवर, जमल्यास पाचवर आणायचा आहे.

४ पासवर छापून पाहिले तेव्हा फिकट पार्श्वभूमीची कामे चांगली आली. हातभर अंतरावरून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही इतकी चांगली. परंतु गडद किरमिजी आणि गडद निळ्या रंगाच्या सलग भागात आडवे पट्टे दिसतात. काही पट्टे केसासारखे बारीक आहेत. काही मात्र रुंद आहेत, आणि त्यांत रंगाचा फरक फारसा नसला तरी शीट तिरपी धरली की एक पट्टा चकचकीत आणि त्याच्या शेजारचा मंद असा भास होतो. दुसरी अडचण अक्षरांची आहे. सहा-सात मिलिमीटर उंचीचा मजकूर शीटच्या कडेला स्वच्छ येतो, पण मध्यभागी त्याच मजकुराला सावली पडल्यासारखे होते. ‘संपर्क’ या शब्दातला अनुस्वार तिथे एकाऐवजी जोडठिपक्यासारखा दिसतो आणि रफाराची टोकदार रेघ जाड होते. फाइल एकच, फाँट एकच, तरीही असे का होते हे मला उलगडत नाही.

कॅरिजचा वेग वाढवण्याची सोयही यंत्रात आहे, पण वेग वाढवला की अ‍ॅक्रिलिकवरची शाई नखाने खरवडली जाते. दिव्यांची शक्ती वाढवत नेली, तर पातळ फोमशीट कडेने वाकू लागते. म्हणून अनुभवी मंडळींना विचारतो, की पास, वेग, फेदर (दोन पायऱ्यांची सीमा विखुरणारी सोय) आणि दिव्यांची शक्ती यांतले आधी काय बदलावे आणि कोणत्या क्रमाने बदलावे? गडद कामांसाठी एकाच दिशेने छापणे हाच उपाय आहे का? यंत्र नवे घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये. आहे त्या यंत्रातून चांगले काम काढायचे आहे.

—

प्रतिसाद

नमस्कार. मी वडोदऱ्याला याच व्यवसायात आहे. आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की बरेचसे निदान त्यांतच सापडते. माझ्या मते पास कमी करणे ही शेवटची पायरी आहे; त्याआधी हेड आणि शीट यांच्यामधले अंतर संपूर्ण शीटभर सारखे असल्याची खात्री करून घ्यायला हवी. आपल्या मध्यभागाच्या अक्षरांचे मूळ तिथेच आहे असे मला जवळजवळ निश्चित वाटते.

त्याचे गणित असे आहे. शाईचा थेंब हेडमधून सेकंदाला साधारण सात मीटर वेगाने निघतो. अंतर दोन मिलिमीटर असेल, तर त्याला खाली पोहोचायला सेकंदाचा सुमारे साडेतीन हजारावा भाग लागतो. तेवढ्या अवधीत सेकंदाला एक मीटर वेगाने धावणारी कॅरिज जवळजवळ ०.२९ मिलिमीटर पुढे गेलेली असते आणि थेंबही तितकाच पुढे पडतो. उजवीकडे जाताना तो उजवीकडे सरकतो, परतताना डावीकडे. दोन्ही दिशांचा मेळ घालणारी दुरुस्ती आपण सॉफ्टवेअरमध्ये भरतो खरी, पण ती त्या एका अंतरासाठी आणि त्या एका वेगासाठीच खरी असते. शीट मध्यभागी एक मिलिमीटर फुगली, तर जाताना-येतानाच्या थेंबांमध्ये तिथे सुमारे ०.२९ मिलिमीटरची फट पडते. ६०० डीपीआयला दोन ठिपक्यांमधले अंतर ०.०४२ मिलिमीटर असते, म्हणजे ही चूक सहा ठिपक्यांहून मोठी झाली. आपला अनुस्वार जोडठिपक्यासारखा होतो तो यामुळेच. ८ पासलाही ही चूक असणारच. ठिपके दाट असल्यामुळे ती झाकली जात असावी.

तेव्हा पहिले काम म्हणजे बेडवर शीट टाकून, व्हॅक्यूम चालू करून, कडेला आणि मध्यावर फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) अंतर तपासावे. शीटखाली न येणारी बेडची छिद्रे टेपने किंवा जुन्या व्हिनाइलच्या तुकड्यांनी बंद करावीत, नाहीतर पंपाची ओढ तिथूनच वाया जाते. सनबोर्डाचे गठ्ठे भिंतीला तिरपे टेकवून ठेवत असाल तर ती सवय बदलून ते सपाट रचावेत. आमच्याकडे शीट वाकण्याचे मोठे कारण तेच निघाले. अंतर दीड ते दोन मिलिमीटर ठेवता आले तर उत्तम. त्याहून वाढले की मुख्य थेंबामागून येणारे बारीक तुषार भरकटतात आणि अक्षरांच्या कडा धूसर होतात. आपल्या माळव्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिकवर स्थिर विद्युतभार साचतो आणि हे तुषार आणखीच पसरतात. म्हणून संरक्षक कागद काढल्यावर आयोनायझर (विद्युतभार घालवणारे उपकरण) फिरवणे आणि यंत्राचे अर्थिंग तपासून घेणे आवश्यक आहे.

आता पट्ट्यांविषयी. जेन-५ हेडची छपाईची रुंदी सुमारे ५४ मिलिमीटर असते, त्यामुळे ४ पासला बेडची प्रत्येक पायरी (एका फेरीनंतर पुढे सरकण्याचे अंतर) साडेतेरा मिलिमीटरची होते. हातात पट्टी घेऊन दोन पट्ट्यांमधले अंतर मोजावे. बारीक रेघ दर साडेतेरा मिलिमीटरला परत येत असेल, तर पायरीची दुरुस्ती चुकली आहे किंवा एखादा नोझल (हेडमधले शाईचे छिद्र) बंद आहे. रेघ गडद असेल तर पायरी कमी पडते आहे आणि पांढरी असेल तर पायरी जास्त होते आहे, अथवा नोझल गेला आहे. नोझल चेकची पट्टी छापली की यांतले खरे कोणते ते कळते. एका रंगाला नोझलच्या दोन ओळी मिळाल्यामुळे आपल्या यंत्राची मूळ घनता रंगामागे ३०० डीपीआय आहे. ४ पासला छपाईच्या प्रत्येक ओळीवर दोनच नोझल येतात, त्यांतला एक गेला तर अर्धी ओळ रिकामी राहते. ४ पासवर काम करायचे असेल तर नोझल चेक केवळ सकाळी न करता प्रत्येक मोठ्या कामाआधी करावा लागेल.

रुंद पट्ट्यांची जोडी मात्र २७ मिलिमीटरनी परत येत असेल, तर दोष दिशेचा आहे. एका दिशेने जाताना काळा आधी पडतो आणि पिवळा शेवटी, तर परतताना हा क्रम उलटतो. शिवाय दोन्ही दिवे चालू असले, तर पुढे धावणारा दिवा आधीच्या फेरीची शाई पुन्हा भाजतो आणि मागचा दिवा ताजी शाई. त्यामुळे शेजारशेजारच्या पट्ट्यांमधली शाई वेगवेगळी पसरते आणि चकाकीत फरक पडतो. दोन्ही दिशांना फक्त मागचा दिवा पेटेल अशी सोय आपल्या सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर ती वापरून पाहावी आणि फेदर टप्प्याटप्प्याने वाढवावा. फेदरमुळे दोन पायऱ्यांची सीमा एका सरळ रेषेत न पडता विखुरली जाते. त्याने वेग थोडा घटतो, पण मिळणारा फायदा त्याहून बराच मोठा आहे.

एकाच दिशेने छापण्याच्या मी विरोधात आहे. पूर्ण शीटला ४ पासमध्ये सुमारे ९० फेऱ्या होतात. वळण धरून एका फेरीला ३.२ सेकंद लागले, तर पाच मिनिटांच्या आत शीट निघते. ६ पासला १३५ फेऱ्या आणि सव्वासात मिनिटे, तर ८ पासला १८० फेऱ्या आणि आपली साडेनऊ मिनिटे. ४ पास एकाच दिशेने छापला तर प्रत्येक फेरीनंतर रिकामे परतावे लागते आणि तीच साडेनऊ मिनिटे पुन्हा हिशेबात येतात. त्यापेक्षा गडद कामांना ६ पास द्यावा.

कॅरिजचा वेग वाढवू नये, हे आग्रहाने सांगतो. शाईला मिळणारा प्रकाशाचा डोस म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. वेग दुप्पट केला की डोस निम्मा होतो. शिवाय वळायला लागणारा वेळ तेवढाच राहतो, त्यामुळे छोट्या कामात वेग वाढवून हाती फारसे काही लागत नाही. नावाच्या पाट्या छापताना त्या कॅरिजच्या धावेच्या दिशेने एका लांब रांगेत मांडाव्यात. फेऱ्या कमी झाल्या की वळणेही कमी होतात. दिव्यांची शक्ती वाढवण्याआधी त्यांच्या काचा पुसून पाहाव्यात. शाईचे तुषार तिथे बसून पिवळसर पापुद्रा तयार होतो आणि प्रकाश अडतो. अ‍ॅक्रिलिकवरची पकड केवळ दिव्याने सुधारत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पृष्ठभाग पुसून, लागल्यास प्रायमर लावून छापावे, आणि चोवीस तासांनी ब्लेडने चौकटी कापून टेपची चाचणी घ्यावी, म्हणजे टेप चिकटवून ओढल्यावर शाई निघते का ते पाहावे.

—

मूळ प्रश्नकर्ता

दादा, मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मोजून पाहिले. शीटच्या मध्यावर हेडचे अंतर कडेपेक्षा जवळपास एक मिलिमीटरने कमी निघाले. छिद्रे टेपने बंद करून, कडांवर वजने ठेवून तीच शीट सपाट बसवल्यावर ‘संपर्क’चा अनुस्वार मध्यभागीही एकसंध आला. किरमिजी रंगातले रुंद पट्टे बरोबर २७ मिलिमीटरनी परत येतात, आणि फक्त मागचा दिवा ठेवल्यावर तिरप्या उजेडात दिसणारा चकाकीचा फरक बराच कमी झाला आहे. अजून काही वेळ आहे तोवर फिकट कामे ४ पासवर आणि गडद कामे ६ पासवर नेण्याचे ठरवतो आहे.

यातून दोन प्रश्न उभे राहतात. ६ पासवर किरमिजी रंग ८ पासपेक्षा फिकट येतो, ग्राहकाच्या मंजूर नमुन्याशी तो जुळत नाही. रिपमध्ये शाईची मर्यादा वाढवली तर चालेल का? आणि पारदर्शक अ‍ॅक्रिलिकवर रंगामागे पांढरा थर एकाच वेळी दिला की वेळ दुप्पट होतो, तो कमी करता येईल का?

—

प्रतिसाद

आपल्या मोडमध्ये ६०० बाय १२०० वरून ६०० बाय ९०० वर आल्यावर ठिपक्यांची संख्या तीन चतुर्थांश होते, त्यामुळे रंग फिकट येणारच. परंतु ८ पाससाठी बनवलेल्या प्रोफाइलमध्ये (रंग बरोबर येण्यासाठीच्या मोजमापांच्या फाइलमध्ये) शाईची मर्यादा हाताने वाढवू नये. किरमिजी जुळेल आणि कातडीचे रंग व राखाडी छटा बिघडतील. ६ पास आणि ४ पास या दोन्ही मोडसाठी लिनिअरायझेशन (प्रत्येक रंगाच्या छटा समान पायऱ्यांनी वाढतील अशी जुळणी) नव्याने करून, प्रत्येकाचे स्वतंत्र आयसीसी प्रोफाइल सनबोर्डवर आणि अ‍ॅक्रिलिकवर वेगवेगळे बनवून घ्यावे. आपल्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग मोजण्याचे उपकरण) नसेल, तर चार्ट छापून बाहेरून मोजून आणला तरी चालतो. थेंबाचा मोठा आकार वापरण्याची सोय रिपमध्ये असेल, तर गडद रंगाची घनता तिथून भरून काढता येईल. मात्र तो बदल लिनिअरायझेशनच्या आधी करावा, नंतर नव्हे.

पांढऱ्याचे उत्तर आपल्या हेडच्या मांडणीत आहे. पांढरे हेड रंगांच्याच ओळीत असल्यामुळे एकाच वेळी दोन थर द्यायचे झाले, की प्रत्येक हेडचे अर्धेच नोझल रंगाला आणि अर्धेच पांढऱ्याला मिळतात. पायरी निम्मी होते आणि वेळ दुप्पट. पांढरे हेड पुढे-मागे बसवलेल्या यंत्रातच हा वेळ वाचतो. आपल्याकडे वाचवण्याची जागा दुसरी आहे : पांढरा थर संपूर्ण चौकटीभर न देता फक्त अक्षरे आणि चित्राच्या मागे द्यावा, म्हणजे रिकाम्या भागावरून कॅरिज धावणार नाही. पांढऱ्या शाईतला टायटॅनियम डायऑक्साइड जड असल्याने तळाशी बसतो. ती रोज सकाळी ढवळून, सर्क्युलेशन चालू ठेवून, नोझल चेक पारदर्शक तुकड्यावर छापून काळ्या कागदावर धरून पाहावा. झांकीचे काम सुरू होण्याआधी सर्व प्रोफाइल पूर्ण करून, ग्राहकाकडून ६ पासच्या नमुन्यावर नव्याने सही घेऊन ठेवावी.