क्रायसिस: नव्या संगणकावरही फ्रेमरेट का कोसळतो?

प्रश्न – नवखा_नेमबाज

नमस्कार. २००७ मध्ये 'क्रायसिस' आला तेव्हा आमच्या घरी संगणक नव्हता, त्यामुळे तो खेळायचा राहून गेला. आता धाकट्या भावाने सहा कोअरचा प्रोसेसर आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड घेऊन संगणक जुळवला आहे, म्हणून हा गेम घ्यावा असे मनात आहे. मात्र मूळ आवृत्ती घ्यावी की २०२० ची रीमास्टर्ड (नव्याने सजवलेली), हे ठरवण्यासाठी जितके वाचले तितका गोंधळ वाढला. इतक्या जुन्या गेमचा फ्रेमरेट (दर सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या) आजच्या यंत्रावरही काही टप्प्यांत निम्म्यावर येतो, असे अनेकजण लिहितात. कार्ड इतक्या पटींनी वेगवान झाले असताना हे कसे घडते? आणि चित्रे बाजूला ठेवली तर नेमबाजीचा गेम म्हणून त्यात काय उरते? 'ग्राफिक्स भारी आहेत' याच्या पुढचे कोणी सांगितले तर आभारी राहीन.

उत्तर – सोल्डरवाला

अडचण ग्राफिक्स कार्डात नाही, प्रोसेसरमध्ये आहे. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूसाठी, म्हणजे प्रत्येक झुडूप, पत्रा, पिंप आणि सैनिकासाठी, 'हे चित्र काढ' असा हुकूम प्रोसेसरला कार्डाकडे धाडावा लागतो. लिंगशान हे या गेममधले काल्पनिक बेट घनदाट जंगलाचे असल्यामुळे एका फ्रेममध्ये असे हजारो हुकूम सुटतात. डायरेक्टएक्स (विंडोजमध्ये गेम आणि कार्ड यांना जोडणारी यंत्रणा) ९ आणि १० मध्ये हे काम मुख्यतः एकाच थ्रेडवरून, म्हणजे कामांच्या एकाच रांगेतून, होते. त्याच थ्रेडवर शत्रूच्या हालचालींचा विचार, लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट आणि गेमचे इतर तर्कही चालतात. काही कामे दुसऱ्या कोअरकडे (प्रोसेसरमधल्या दुसऱ्या स्वतंत्र गणकाकडे) जातात, नाही असे नाही, पण मुख्य थ्रेड अडला की बाकीचे कोअर हात बांधून उभे राहतात आणि कार्डही हुकुमाची वाट पाहत बसते.

गेम बनवणाऱ्या क्रायटेकने हे इंजिन (गेमचा मूळ सांगाडा) रचले तेव्हा प्रोसेसरचा वेग गिगाहर्ट्झमध्ये वाढतच जाईल, असा त्या काळाला साजेसा हिशेब धरला होता. प्रत्यक्षात इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ २००४ मध्येच रद्द केला आणि सगळा उद्योग कोअर वाढवण्याकडे वळला. त्यामुळे गेम बाजारात आला तो त्याचा पाया जुना झाल्यावरच. (२००८ मध्ये लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने खास याच गेमसाठी म्हणून मला २.४ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा प्रोसेसर गळ्यात मारला होता. शेजारीच ठेवलेला ३ गिगाहर्ट्झचा दोन कोअरचा या गेमला अधिक मानवला असता, हे मला फार उशिरा समजले.)

गेम घेतल्यावर एक साधी चाचणी करून पाहा. फ्रेमरेट कोसळतो त्या जागी उभे राहून रिझोल्यूशन थेट निम्मे करा. आकडा जागचा हलला नाही, तर कार्ड निर्दोष आहे असे समजावे. अशा वेळी रिझोल्यूशन कमी करून काही साधत नाही. वस्तूंचा तपशील, सावल्या आणि फिजिक्स एकेक पायरी खाली आणावे.

उत्तर – झाडामागचा

वरचे निदान मान्य आहे, पण त्याला नुसता दोष म्हणणे मला पटत नाही, कारण ज्या गोष्टीपायी प्रोसेसर दमतो तीच या गेमची खरी मिळकत आहे. दुसऱ्या टप्प्यात समुद्रकाठी एक गाव लागते. तिथे शिरायला रस्ता, किनारा, डोंगर असे सगळे पर्याय खुले असतात आणि अमुकच वाटेने जा म्हणून कोणी ढकलत नाही. अंगावरच्या नॅनोसूटचे चार गुण आहेत: चिलखत, ताकद, वेग आणि अदृश्यता. माऊसचे मधले बटण दाबले की चारही चक्राकार समोर येतात. ऊर्जा मात्र सगळ्यांत मिळून एकच आणि अगदी बेताची. अदृश्य होऊन पत्र्याच्या झोपडीपर्यंत सरपटत जावे, ताकदीने छपरावर उडी मारावी आणि तिथून गोळी झाडावी, तर झाडताक्षणी उरलीसुरली ऊर्जा संपते आणि आपण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडे पडतो. मग चिलखत अंगावर घेईपर्यंतचे ते दोन-तीन सेकंद म्हणजे खरा 'क्रायसिस'. त्यात झोपडीच्या भिंती गोळ्यांनी फुटतात आणि झाड जिथे गोळी लागेल तिथूनच तुटते, म्हणून आडोसा कायमचा कधीच मिळत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. परग्रहवासीयांच्या यानात शिरल्यापासून गेमचा उत्तरार्ध अरुंद होत जातो. गुरुत्वहीन यानाचा टप्पा आणि गोठलेले जंगल डोळ्यांना सुखावतात खरे, पण पूर्वार्धात मिळालेली मोकळीक तिथे हातची जाते. शिवाय साध्या गणवेशातला सैनिक कधीकधी इतक्या गोळ्या पचवतो की बंदुकीचा भरवसा वाटेनासा होतो. तरी जमल्यास सर्वांत कठीण अशा 'डेल्टा' पातळीवर खेळा. तिथे नेमाची खूण दिसत नाही आणि शत्रू इंग्रजीऐवजी कोरियन बोलतात, त्यामुळे त्यांचे बेत कानावर पडूनही आपल्याला कळत नाहीत.

उत्तर – सोल्डरवाला

रीमास्टर्डविषयी लिहायचे राहिले. ती थेट मूळ गेमवरून नव्हे, तर २०११ च्या कन्सोल आवृत्तीवरून बेतलेली आहे आणि हे विमान उडवण्याच्या टप्प्यापाशी उघडे पडले. 'असेन्शन' नावाचा तो टप्पा कन्सोलवर गाळला होता, म्हणून प्रकाशनाच्या वेळी रीमास्टर्डमध्येही नव्हता. तो पुढे एका अपडेटमधून आला. सूटची चार गुणांची जुनी मांडणीही अशीच नंतर पर्याय म्हणून मिळाली. रे ट्रेसिंगमुळे, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढण्याच्या तंत्रामुळे, प्रकाश आणि प्रतिबिंबे देखणी झाली आहेत, परंतु एका थ्रेडवरचा भार याही आवृत्तीत पुरता हटलेला नाही. माझे मत मूळ आवृत्तीच्या बाजूने आहे, कारण वस्तूंच्या कोपऱ्यांत आणि खाचांत जमणारी मऊ सावली, जिला एसएसएओ म्हणतात आणि जी पुढे सगळ्यांनीच उचलली, ती याच गेममध्ये पहिल्यांदा दिसली, आणि ती तिच्या मूळ रूपात पाहण्यात वेगळी मजा आहे.

नवखा_नेमबाज

दोघांचेही आभार. मूळ आवृत्तीच घेतो. भावाचा प्रोसेसर एएमडीचा रायझन आहे, त्याने काही अडते का?

उत्तर – सोल्डरवाला

अडते, पण थोडेच. गेमची ६४ बिटची फाईल एएमडीचा प्रोसेसर ओळखून थ्रीडीनाऊ नावाच्या जुन्या सूचना वापरायला जाते. एएमडीने त्या आपल्या प्रोसेसरमधून केव्हाच काढून टाकल्यामुळे गेम सुरू होतानाच बंद पडतो. यावर हौशी मंडळींनी केलेला पर्यायी लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मिळतो. तो नको असेल तर 'बिन३२' फोल्डरमधली ३२ बिटची फाईल चालवा, तिला रायझनचे वावडे नाही.