एपिक्युरियन म्हणजे खवय्या? मग स्टोइक न् सिनिकचं काय करायचं?

दांडियाबाजारवाला:
भाची इथेच बडोद्याच्या एम.एस. युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी घेऊन बीए करतेय, परवा अलकापुरीत एका हॉटेलबाहेर 'एपिक्युरियन थाळी' असा बोर्ड दिसला आणि बाई तिथेच हसत सुटली. म्हणे मामा, ज्याच्यावरून हा शब्द आला तो ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस तर साध्या पावावर न् पाण्यावर खूश असायचा, मित्राला पत्र लिहून चीजचं एक छोटं मडकं मागवलं होतं, की मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल! मला तर आजवर वाटायचं एपिक्युरियन म्हणजे आपला खवय्या, गावातल्या चार सेव-उसळी खाऊन खरी कुठली ते सांगणारा. तिला मराठीत एक टिपण लिहायचंय, शब्द काय घ्यावा? 'सुखवादी' सुचवलं तर आमची आई म्हणते, म्हणजे ऐतखाऊ का रे?

रावपुराकर:
भाची बरोबर आहे. एपिक्युरस (इ.स.पू. 341 ते 270) सुखालाच परम मानतो हे खरं, पण त्याचं सुख म्हणजे अंगाला दुखणं नाही आणि मनाला घोर नाही, बस्स. आपले गुजराती शेजारी 'जलसा करो' म्हणतात तसलं नव्हे. अथेन्सबाहेर त्याची बाग होती, तिथे बायका आणि गुलामसुद्धा शिकायला बसायचे, लोकांनी नावं ठेवायला तेवढं पुरे झालं असणार. पुढे रोमन कवी होरेस स्वतःलाच गमतीने एपिक्युरसच्या कळपातलं डुक्कर म्हणवतो, आणि ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथांत तर 'अपिकोरोस' म्हणजे थेट पाखंडी. आपल्याकडे चार्वाकाचं काय वेगळं झालं? त्याचे ग्रंथ गेले, आणि लोकांच्या तोंडी राहिलं ते फक्त 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्', तेही 14व्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहातून, म्हणजे विरोधकाच्या वहीतून. विरोधकाने लिहिलेल्या जमाखर्चावर कुणी कर्ज देईल का सांगा!

दांडियाबाजारवाला:
हे पटलं काका, पण शब्द काय तो सांगा ना.

मांडवीची ताई:
मी शाळेत इंग्रजी शिकवायचे म्हणून सांगते, इंग्रजीत ही भानगड मोठ्या अक्षराने मिटवतात. मोठ्या एसने स्टोइक लिहिलं की ग्रीक तत्त्वज्ञ झेनोच्या मताचा माणूस, लहान एसने लिहिलं की डोळ्यात पाणी न आणता सगळं सोसणारा कुणीही. सिनिक न् एपिक्युरियनचं तसंच, म्हणजे तो थाळीचा बोर्ड इंग्रजीत लहान ई ने असता तर चुकीचा नव्हता हो. अडचण आपली आहे. देवनागरीत मोठं अक्षरच नाही, गुजरातीतही नाही, त्यामुळे मराठीत नुसतं 'सिनिक' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात ऑफिसातला तो कुरकुऱ्या येतो ज्याला सगळे लबाडच दिसतात. आणि मूळचा डायोजेनीस कोण, तर रांजणात राहणारा फकीर! सिनिक शब्द ग्रीकमधल्या कुत्र्यावरून आलाय, तो जगायचाच तसा, उघड्यावर न् बेफिकीर. म्हणून माझं मत, शेपूट लावायचं. स्टोइकपंथी, सिनिकपंथी, एपिक्युरसपंथी.

रावपुराकर:
ताई, 'पंथ' म्हटलं की गुरू, दीक्षा, गळ्यात माळ असं सगळं मागोमाग येतं. मी 'स्टोइकमत' म्हणेन. तसं स्टोआ म्हणजे आपली ओसरीच, अथेन्सच्या बाजाराजवळ चित्रं काढलेली ओसरी होती, इ.स.पू. 300 च्या आसपास झेनो तिथे शिकवायचा. ओसरीकर म्हणा की सरळ 😄

मांडवीची ताई:
ओसरीकर गोड आहे पण परीक्षेत मार्क कोण देणार? आणि कृपा करून 'स्थितप्रज्ञ' लिहू नका, तो गीतेचा, त्याच्यामागे आत्मा न् ब्रह्म सगळं उभं आहे, स्टोइकांचं जग वेगळं. निहिलिझमला, म्हणजे कशालाच काही अर्थ नाही या मताला, 'शून्यवाद' म्हणून आधीच घोळ करून ठेवलाय, त्यात मूळ शून्यवाद मांडणारा बौद्ध आचार्य बिचारा नागार्जुन भरडला जातो, जो स्वतः सांगतो की शून्य म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे.

दांडियाबाजारवाला:
भाची विचारते, असं आपल्याच शब्दांचं झालंय का?

रावपुराकर:
'नास्तिक' घे की. दर्शनांत नास्तिक म्हणजे वेद प्रमाण न मानणारा. मीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे, जग निर्माण करणारा ईश्वर मानत नाहीत, तरी ते पक्के आस्तिक, कारण वेद मानतात. हे आज देवळाच्या रांगेत सांगून बघ.
आपल्या सयाजीरावांनी 1931 साली सयाजीशासनशब्दकल्पतरू काढला, एकेका शब्दाला आठ भाषांतले पर्याय. पण तो कारभाराच्या शब्दांचा, तुझ्या एपिक्युरसला त्यात शोधू नकोस.

दांडियाबाजारवाला:
ठरलं. टिपणात पहिल्यांदा 'एपिक्युरसमताचा' असं लांबलचक लिहून पुढे नुसतं एपिक्युरियन, आणि खाण्याच्या अर्थी खवय्याच. ताई, पंथी हुकलं, सॉरी. आई अजून ऐतखाऊवरच अडून आहे.