वूटन बॅसेटच्या रस्त्यावर लोक का उभे राहत होते?

वाटसरू यांचा प्रश्न

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या वूटन बॅसेट या दहा-बारा हजार वस्तीच्या गावाविषयी सध्या वाचत आहे. इराक आणि अफगाणिस्तानात मरण पावलेल्या ब्रिटिश सैनिकांची पार्थिवे 2007 ते 2011 या काळात या गावाच्या मुख्य रस्त्यावरून नेली जात. त्या वेळी गावकरी हातातली कामे टाकून दुतर्फा उभे राहत आणि शववाहिका नजरेआड होईपर्यंत कोणी एक शब्द बोलत नसे, इतके मला समजले आहे. मात्र दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. ते सैनिक त्या गावचे नव्हते, मग हा मान नेमका याच गावाने का दिला? दुसरे असे की, माझा एक मित्र ठामपणे म्हणतो की हा सगळा प्रकार म्हणजे युद्धाला भावनेच्या वाटेने मिळवलेली संमती होती आणि त्यामागे सरकारचीच प्रेरणा असणार. मला ते पटत नाही, पण खोडून काढायला माझ्याजवळ काही नाही. कोणी त्या काळात तिकडे असल्यास किंवा या विषयाची माहिती असल्यास कृपया लिहावे.

जुनी वही यांचे उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे निराश करणारे आहे, कारण ते एका धावपट्टीच्या डागडुजीत सापडते. पार्थिवे आणणारी विमाने आधी ऑक्सफर्डशरमधील ब्राइझ नॉर्टन येथील हवाई तळावर उतरत. तेथील धावपट्टीचे काम निघाल्यामुळे एप्रिल 2007 पासून ही विमाने लायनम येथील तळावर उतरू लागली, आणि लायनमहून ऑक्सफर्डला जायचे तर वाटेत वूटन बॅसेट लागते.

आता ऑक्सफर्डला कशासाठी, हे पाहिले म्हणजे पुढचे सारे कळते. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे परदेशात हिंसक मृत्यू आलेल्या व्यक्तीचे पार्थिव देशात आले की कॉरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, त्याची दखल घ्यावी लागते, आणि शवविच्छेदन ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात होत असे. लष्कराची मानवंदना आणि कुटुंबीयांचे अंत्यदर्शन तळाच्या आतच उरकत असे. त्यानंतर जे उरत होते ते केवळ तळापासून रुग्णालयापर्यंतचे वहन होते. तो संचलनाचा मार्ग नव्हता आणि अंत्ययात्राही नव्हती, कारण अंत्यसंस्कार नंतर सैनिकाच्या आपल्या गावी होत. सरकारच्या लेखी त्या रस्त्यावर काहीच घडायचे नव्हते. अशा रिकाम्या जागी लोक येऊन उभे राहिले, हेच मला या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

सुरुवात झाली ती रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक सदस्यांपासून. ब्रिटनच्या युनियन ध्वजात गुंडाळलेली शवपेटी गावातून जाताना त्यांनी पाहिली आणि पदपथावर थांबून तिला मान दिला. पुढच्या वेळी ते ठरवून आले, मग दुकानदार बाहेर येऊ लागले, मग आजूबाजूच्या गावांतली माणसे. सरकारी प्रेरणा असती तर पहिल्या दिवशी बरीच गर्दी आणि दहाव्या दिवशी तुरळक माणसे, असा क्रम दिसला असता. येथे तो अगदी उलटा दिसतो.

स्विंडनकर यांचे उत्तर

मी त्या वर्षांत स्विंडनला नोकरीला होतो आणि वूटन बॅसेट तेथून अगदी जवळ आहे. सहा-सात वेळा मी त्या रस्त्यावर उभा राहिलो, म्हणून जे पाहिले तेवढे लिहितो.

विमान कोणत्या दिवशी येणार हे आधी जाहीर होत असे. माणसे तासभर आधीच जमू लागत आणि त्या तासात रस्ता इतर कोणत्याही दिवसासारखाच असे. लोक हवापाण्याच्या गप्पा मारत, मुले कंटाळून कठड्यावर बसत, म्हातारे सैनिक छातीवरची पदके सारखी करत. शववाहिका गावाच्या वेशीपाशी आल्या की सेंट बार्थोलोम्यू चर्चची मोठी घंटा संथपणे वाजू लागे आणि बोलणे आपोआप थांबे. कोणीही शांत राहण्याची सूचना दिलेली मी ऐकली नाही. ताफ्याच्या पुढे अंत्यविधी व्यवस्थापक उंच काळी टोपी घालून पायी चालत असे आणि त्या शांततेत त्याच्या बुटांचा आवाज स्पष्ट ऐकू येई. युद्धस्मारकापाशी ताफा मिनिटभर थांबे, लीजनचे निशाण धरणारे निशाणे खाली झुकवत, आणि दूरदूरच्या शहरांतून आलेले नातलग पुढे होऊन गाडीवर फुले ठेवत.

माझ्या डोळ्यांपुढून एक प्रसंग अजून हलत नाही. एका न्हाव्याच्या दुकानातून न्हावी आणि गिऱ्हाईक दोघेही बाहेर आले. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांढरे कापड तसेच होते आणि डोक्याची एकच बाजू कापून झाली होती. घंटा थांबेपर्यंत तो माणूस त्या अर्धवट डोक्याने सावधान उभा राहिला. न्हाव्याला कात्री कोठे ठेवावी हे सुचेना, म्हणून त्याने ती पाठीमागे धरली. कोणी हसले नाही. ताफा गेल्यावर दोघे निमूटपणे आत गेले.

14 जुलै 2009 चा दिवस वेगळा होता. त्या दिवशी एकाच विमानातून 8 सैनिकांची पार्थिवे आली आणि हजारो माणसे जमली. एकामागून एक 8 शववाहिका जाताना पाहणे ही गोष्ट मला शब्दांत मांडता येत नाही. चौथी गाडी गेल्यावर माझ्या शेजारच्या बाईंनी मोजणे थांबवले, हे मला आठवते, कारण तोवर त्या ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत होत्या.

आपल्या मित्राच्या मुद्द्याविषयी इतकेच सांगतो की, माझ्या शेजारी उभे राहणाऱ्यांत अफगाणिस्तानच्या युद्धाला उघड विरोध करणारे लोकही होते. ते तो विरोध त्या रस्त्यावर बोलून दाखवत नसत आणि युद्धाचे समर्थकही आपले समर्थन बोलून दाखवत नसत.

उत्तरवारा यांचे उत्तर

जुनी वही यांनी मांडलेल्या "रिकाम्या रस्त्याच्या" मुद्द्याला कॅनडाचे उदाहरण जोडावेसे वाटते, कारण तेथेही अगदी हेच घडले. अफगाणिस्तानातून येणारी विमाने ओन्टारिओतील ट्रेन्टन येथील तळावर उतरत आणि तेथून पार्थिवे शवविच्छेदनासाठी टोरोन्टोला नेली जात. हा सुमारे 170 किलोमीटरचा प्रवास 401 क्रमांकाच्या महामार्गावरून होई. महामार्गाच्या कडेला उभे राहणे शक्य नाही, म्हणून लोक त्यावरच्या पुलांवर उभे राहू लागले. पुलावर अग्निशमन दलाची गाडी दिवे लावून आडवी लावलेली, कठड्याला ध्वज बांधलेले आणि खाली सहा पदरी रस्त्यावरून तो ताफा जात असलेला, असे दृश्य एका पुलामागून दुसऱ्या पुलावर दिसत असे. 2007 मध्ये ओन्टारिओ सरकारने या पट्ट्याला "हायवे ऑफ हीरोज" असे अधिकृत नाव दिले. मात्र नाव मिळण्याच्या पुष्कळ आधीपासून माणसे पुलांवर होती, आणि सरकार आले ते त्यांच्या मागून. कॅनडाचे 158 सैनिक त्या मोहिमेत मरण पावले.

अमेरिकेत असा रस्ता तयार झाला नाही, आणि त्याचे कारणही मला भूगोलातच दिसते. डेलावेअरमधील डोव्हर येथील हवाई तळावर पार्थिवे येतात आणि लष्कराचे शवागार त्या तळाच्या आतच आहे, त्यामुळे पार्थिव तळाबाहेर पडते ते थेट आपल्या गावी जाण्यासाठी. शिवाय 1991 पासून 2009 पर्यंत डोव्हरला छायाचित्रकारांना बंदी होती, आणि ती उठली तेव्हाही कुटुंबाची संमती हवी अशी अट राहिली. परिणामी तेथे लोक जमतात ते सैनिकाच्या गावाजवळच्या विमानतळापासून पुढे. मोटारसायकलींवरून ताफ्याला साथ देणारा पेट्रियट गार्ड रायडर्स हा गट 2005 मध्ये सुरू झाला. सैनिकांच्या अंत्यविधीच्या ठिकाणी निदर्शने करणाऱ्या एका पंथापासून कुटुंबीयांना आडोसा मिळावा, हा त्यामागचा हेतू होता, आणि कुटुंबाने बोलावल्याखेरीज हे लोक जात नाहीत. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मान देणाऱ्यांच्या उत्साहापुढे घरच्यांना स्वतःचे दुःख बाजूला ठेवून पाहुण्यांची व्यवस्था पाहावी लागते, असे प्रसंग कमी नाहीत.

शंकेखोर यांचे उत्तर

वरील सर्व माहिती मान्य करूनही मला वाटसरू यांच्या मित्राची बाजू अगदीच टाकाऊ वाटत नाही. लोकांनी आपणहून सुरू केलेली गोष्ट पुढे इतरांच्या उपयोगी पडू शकते. वूटन बॅसेटला वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे आले, मग राजकारणी आले. जानेवारी 2010 मध्ये एका जहाल इस्लामी गटाने याच रस्त्यावरून मोर्चा काढण्याची घोषणा करून देशभर खळबळ उडवून दिली. तो मोर्चा निघाला नाही आणि त्या गटावर बंदी आली, पण या रस्त्याची किंमत आता सर्वांनाच कळली आहे, हे त्यातून दिसले. त्याच वर्षी मार्च महिन्यात 10 हजारांहून अधिक मोटारसायकलस्वार गावातून गेले. हेतू चांगलाच होता, परंतु त्या इंजिनांच्या गडगडाटाचे आणि स्विंडनकर यांनी वर्णिलेल्या बुटांच्या आवाजाचे नाते मला लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पार्थिव घरी आणणे हेच मुळात ब्रिटनमध्ये नवे आहे. पहिल्या महायुद्धात 1915 पासून मृतदेह मायदेशी आणण्यास मनाई होती, कारण ज्यांना खर्च परवडतो त्यांचेच मुलगे घरी येतील आणि गरिबांचे मुलगे तिकडेच राहतील, हे योग्य मानले गेले नाही. 1917 मध्ये स्थापन झालेल्या युद्धदफनभूमी आयोगाने अधिकारी आणि साधा शिपाई यांना एकसारखा दगड दिला. अनेक आयांनी ही बंदी उठावी म्हणून विनवण्या केल्या, पण ती उठली नाही. अखेर 11 नोव्हेंबर 1920 रोजी एका अनामिक सैनिकाला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरण्यात आले आणि पहिल्या आठवड्यात 10 लाखांहून अधिक लोक तेथून गेले. तो आपलाच मुलगा असू शकेल, असे मानायला प्रत्येक आईला मोकळीक होती. 1982 च्या फॉकलंड युद्धानंतर कुटुंबांना निवड करता आली आणि 64 पार्थिवे जहाजातून परत आली. आपल्याकडेही 1999 च्या कारगिल युद्धापूर्वी बहुतेक जवानांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत, आणि पार्थिव गावी पाठवण्याची पद्धत खऱ्या अर्थाने तेव्हापासून रूढ झाली.

सांगायचे असे की, पार्थिव घरी आले म्हणजे युद्धही घरी येते. दूरच्या दफनभूमीतले हजारो दगड सरकारला जितके सोयीचे असतात, तितकी बाजारपेठेतून जाणारी एक शवपेटी सोयीची नसते. म्हणून तो रस्ता सरकारच्या फायद्याचा होता, हे मलाही शेवटी म्हणवत नाही. पण तो राजकारणाच्या बाहेर होता, असेही कोणी म्हणू नये.

वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. शंकेखोर यांचे शेवटचे वाक्य मित्राला तसेच पाठवत आहे, कारण त्यावर त्याला आणि मला दोघांनाही सहमत होता येईल. एक शेवटची शंका आहे. हे सारे 2011 मध्ये थांबले, ते गावाने थांबवले की तळ बंद झाल्यामुळे?

स्विंडनकर

तळामुळे. लायनम बंद करायचे ठरले होते, म्हणून विमाने पुन्हा ब्राइझ नॉर्टनला उतरू लागली. तोवर 167 वेळा मिळून 345 जणांची पार्थिवे त्या रस्त्यावरून गेली होती. त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला राजकन्या ॲन यांच्या हस्ते गावाला "रॉयल" ही उपाधी मिळाली. अशी उपाधी त्याआधी 1909 मध्ये टनब्रिज वेल्सला मिळाली होती. माझ्या ओळखीच्या काही गावकऱ्यांना त्या समारंभाचे अवघडलेपणच अधिक वाटले. आम्ही फक्त दाराबाहेर येऊन उभे राहिलो, असे ते म्हणत.

ब्राइझ नॉर्टनच्या नव्या मार्गाने कार्टर्टन गावाची बाजारपेठ टाळली आणि नातलगांना थांबता यावे म्हणून मार्गालगत एक स्मृतिउद्यान केले. तेथे निवारा आहे, ध्वजस्तंभ आहे, सर्व व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. मी एकदा जाऊन आलो. व्यवस्थेत खोट काढण्यासारखे काही नाही, पण तेथे लोकांना यावे लागते, आणि वूटन बॅसेटला ते आधीपासूनच तेथे होते.

31 ऑगस्ट 2011 च्या संध्याकाळी मी गेलो होतो. सूर्यास्ताच्या वेळी ध्वज उतरवला आणि चर्चमध्ये नेऊन रात्रभर वेदीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो कार्टर्टनला पोहोचवायचा होता. ध्वज आत गेल्यावरही लोक बराच वेळ पदपथावर उभे होते, आणि शेवटी एका दुकानदाराने आपल्या दुकानाची दारे लावायला घेतली, तेव्हा बाकीचे हलले.