जुन्या गाड्यांची एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट): मुदतवाढ पुरे झाली, आता सरळ दंड लावा

पेठेतला_स्कूटरवाला

मागच्या उन्हाळ्यात मला हेल्मेट नसल्याचं ई-चलन आलं, ठिकाण ठाणे. माझी स्कूटर २०१४ ची, पुण्याच्या बाहेर कधी गेलीच नाही, त्या दिवशी तर ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पंक्चर होऊन पडली होती. चलनातला फोटो उघडला तर गाडीच वेगळी, काळी बाइक, आणि तिच्यावर नंबर माझा, एक आकडासुद्धा इकडचा तिकडे नाही. चार महिन्यात अशी तीन चलनं आली. माझ्या गाडीचे फोटो, आरसी, सगळं जोडून तक्रार केली तेव्हा ती रद्द झाली, पण मधल्या काळात मला झोप लागत नव्हती, कारण दंडाचं सोडा, त्या माणसाने उद्या कुणाला उडवलं असतं तर पोलीस आधी माझ्याच दारात आले असते.

म्हणून मी या विषयावर एवढं बोलतोय. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची असं ठरलं, पहिली मुदत ३१ मार्च २०२५. मग एप्रिलअखेर, मग जूनअखेर, मग १५ ऑगस्ट, मग ३० नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर. प्रत्येक वेळी लोक शेवटच्या आठवड्यात जागे होतात, साइट लटकते, स्लॉट मिळत नाही म्हणून ओरड होते आणि मुदत वाढते. ज्याने पहिल्याच महिन्यात पैसे भरून प्लेट लावली त्याला वाटणारच ना की आपण उगाच घाई केली. माझं म्हणणं एवढंच की आता वाढवू नका, नाक्यावर उभे राहा आणि दंड करा. दुचाकीला जीएसटी धरून ५३१ रुपये होतात, चारचाकीला ८७९, आयुष्यात एकदाच. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी जरूर लिहा.

काळी_माती

भाऊ तुमचं चलनाचं वाचून वाईट वाटलं, पण तुम्ही शहरात बसून लिहिताय. माझा ट्रॅक्टर २०११ चा. त्यालाही दुचाकीएवढाच रेट आहे, पैशाचं काही म्हणणं नाही. पण जवळचं बसवायचं सेंटर आमच्यापासून ३४ किलोमीटर, ट्रॅक्टर घेऊन जायचं म्हणजे जाऊन येऊन अख्खा दिवस आणि डिझेल वेगळं, आणि मला स्लॉट मिळाला तो नेमका ऊस तोडणी चालू असताना. टोळी दारात आणि मी प्लेट लावायला निघू? नाही गेलो, स्लॉट वाया गेला. पुण्यात दर दोन चौकाला सेंटर आहे म्हणून तुम्हाला आयुष्यात एकदाच वाटतं. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी तालुक्याला कॅम्प लावा, एका दिवसात शंभर गाड्या होतील, कुणी नाही म्हणणार नाही. ते न करता दंड लावणार असाल तर माझा विरोध आहे, आणि तो नियमाला नाही, पद्धतीला आहे.

घाटरस्ता

धागा काढणाऱ्याशी शंभर टक्के सहमत. आपल्याकडे नंबरप्लेट ही मिरवायची वस्तू झालीय, ८०५५ चं इंग्रजीत बॉस करायचं, ४१४१ चं दादा करायचं, वर नेत्याचा फोटो, खाली गावाचं नाव, आणि खरा नंबर वाचायला गाडीच्या मागे पळावं लागतं. नवीन प्लेटवर यातलं काहीच चालत नाही. वर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, खाली लेझरने कोरलेला दहा आकडी कोड, आणि स्नॅप लॉक, जे तोडल्याशिवाय प्लेट निघत नाही. म्हणजे एका गाडीची काढून दुसरीला लावणं सोपं राहत नाही. खोट्या नंबराचं कुठपर्यंत जातं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सगळ्यांनी बघितलंय, अंबानींच्या घराजवळ स्फोटकं ठेवलेली स्कॉर्पिओ सापडली तिची प्लेट खोटी होती, आणि पुढे तपासात मिठी नदीतून नंबरप्लेटा बाहेर काढाव्या लागल्या.

गॅरेजवाला_सातारकर

मी रोज गाड्यांवर हात घालतो म्हणून दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका. एक, रस्त्याकडेला रेडियमवाल्याकडे अगदी तशीच दिसणारी प्लेट मिळते, निळ्या रंगात आयएनडी छापलेलं, चक्रासारखा चकचकीत स्टिकर, किंमत अर्ध्याहून कमी. लांबून बघून ओळखून दाखवा. दोन, आणि हे महत्त्वाचं, चौकातला कॅमेरा लेझर कोड वाचत नाही, तो फक्त नंबर वाचतो. स्कूटरवाले दादा, ठाण्यातल्या त्या काळ्या बाइकवाल्याने उद्या तुमच्याच नंबराची नकली प्लेट लावली तर चलन परत तुम्हालाच येणार, तुमची प्लेट कितीही खरी असली तरी. मग ५३१ रुपये घालून तुम्हाला काय मिळालं? आधी नकली प्लेट विकणाऱ्यांची दुकानं बंद करा, ते करायला लोकांना मुदत द्यावी लागत नाही, आजही करता येतं.

पेठेतला_स्कूटरवाला

@गॅरेजवाला_सातारकर कॅमेऱ्याचा मुद्दा मान्य, तो मी विचारात घेतला नव्हता. पण अर्ध्या गाड्यांवर जुनी प्लेट आहे तोपर्यंत नकलीवाला गर्दीत लपतो. सगळ्यांवर एकाच प्रकारची लागली की नाक्यावरचा हवालदार जवळ येऊन कोड बघू शकतो, लॉकच्या जागी साधा स्क्रू दिसला तरी गाडी बाजूला घेऊ शकतो. आज त्याने कशाच्या जोरावर संशय घ्यायचा? आणि नकली विकणाऱ्यावर कारवाई पाहिजे यात वादच नाही, पण म्हणून दुसरं काम थांबवायचं कशाला.

नंदिनी_के

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमचे मिस्टर २०२३ मध्ये गेले. त्यांची अ‍ॅक्टिवा मी चालवते, मुलीला क्लासला सोडायला तेवढी एकच गाडी आहे. नावावर करायला गेले तर सांगितलं आधी नवीन प्लेट लावून या, त्याशिवाय नाव बदलायचं काम होत नाही. प्लेट बुक करायला बसले तर गाडीला जोडलेला मोबाइल नंबर त्यांचा, तो मी वर्षभरापूर्वी बंद करून टाकला. मोबाइल नंबर बदलायचा तर मालक कोण विचारतात. मी नियम मोडणारी बाई नाही हो, तीन चकरा मारल्या, प्रत्येक खिडकीवर दुसरी खिडकी दाखवली. तुम्ही सरळ दंड लावा म्हणता तेव्हा त्यात माझ्यासारखे लोकही येतात एवढंच लक्षात घ्या.

घाटरस्ता

मराठी आकड्यांच्या प्लेटबद्दल कुणी बोलणार का? माझ्या बुलेटवर दहा वर्षं देवनागरी नंबर होता, केंद्राच्या नियमात इंग्रजी अक्षरं आणि आकडेच चालतात म्हणून काढला. काढताना जिवावर आलं खरं, पण दुसऱ्या राज्यातल्या पोलिसाला तो वाचता येणार नाही हेही पटतं, म्हणून माझी तक्रार नाही.

जुन्या_गाड्यांचा_बाजार

वीस वर्षं सेकंडहँड गाड्यांचा धंदा करतोय, माझ्या मते सगळेजण पत्र्यावर भांडताय आणि खरं दुखणं कागदात आहे. आपल्याकडे गाडी विकताना २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून देतात, पैसे मोजून घेतात आणि विसरून जातात. घेणारा ती नावावर करत नाही, तसाच तिसऱ्याला विकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसात कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसात, किती जण करतात? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, रजिस्टरमध्ये ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, मग गाडी मधे चार हातांतून गेलेली का असेना. अशा गाडीला खरी होलोग्रामवाली प्लेट लावली तरी ती पोलिसांना सात वर्षांपूर्वी गाडी विकलेल्या माणसाच्या घरी घेऊन जाणार. आणि आता प्लेट नाही म्हणून नाव बदलायचं कामच अडवलंय, म्हणजे ज्याला कागद सरळ करायचाय त्याचीच वाट बंद. नंदिनीताईंचं तेच झालंय. माझं मत विचाराल तर नाव बदलायचं काम कधीच अडवू नये, उलट नाव बदलायला आला की तिथेच प्लेटची पावती फाडा.

पेठेतला_स्कूटरवाला

नंदिनीताई, तुमचं वाचून मी काल रात्रभर विचार केला. दंडाचं मी जे लिहिलं त्यात बदल करतो, ज्याने बुकिंग केलंय किंवा ज्याचं काम कागदात अडकलंय त्याला दंड नको, बाकीच्यांना हवाच. परिवहनच्या वेबसाइटवर मोबाइल नंबर बदलायची वेगळी सोय आहे, तिथे नोंदणीची तारीख, चासी नंबर आणि इंजिन नंबर मागतात, तिन्ही आरसीवर असतात, आधी तिथून करून बघा. प्लेट गाडीची असते, मालकाचं नाव तिच्यावर नसतं, त्यामुळे मिस्टरांच्या नावावर असताना लावायला हरकत नसावी. नंतर वारसाच्या नावावर करायला ३१ नंबरचा फॉर्म लागतो, २९-३० नाही, एजंटने ते दिले तर घेऊ नका.

काळी_माती

@जुन्या_गाड्यांचा_बाजार लाख बोललात. आमच्या गावात निम्म्या मोटारसायकली अजून पहिल्या मालकाच्याच नावावर आहेत. आणि ट्रॉल्यांचं तर विचारूच नका, मागे ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या, ना नंबर ना लाल दिवा, रात्री त्यावर मोटारसायकल आदळून आमच्या भावकीतला पोरगा गेला. तिथे एकही पथक उभं राहिलेलं मी बघितलं नाही, सीझनमध्ये कारखान्याच्या गेटवर चार दिवस उभे राहिले तरी सगळं सापडेल.

नंदिनी_के

मोबाइल नंबर बदलला गेला! आरसीवरचा इंजिन नंबर पुसट झाला होता, गाडीवरून कापडाने पुसून वाचावा लागला. स्लॉट पुढच्या गुरुवारचा मिळालाय. ३१ नंबर फॉर्मचं आमच्या एजंटला माहीतच नव्हतं, तो २९ वर सही कुणाची घ्यायची ते मला विचारत होता.

गॅरेजवाला_सातारकर

ताई, गुरुवारी जायच्या आधी जुन्या प्लेटचे स्क्रू गंजलेत का बघून घ्या, सेंटरवर कधीकधी तेवढ्यासाठी परत पाठवतात. जवळच्या कुठल्याही गॅरेजमध्ये पाच मिनिटांत सैल करून देतील. स्कूटरवाले दादा, तुमच्याशी माझं अजून पटलेलं नाही, पहिला दंड रेडियमवाल्याला, मग गिऱ्हाईकाला.