हळदीच्या एसएफई-जीसीत सुरुवातीचे पीक (आलेखावरची टोकं) पसरतात

सांगलीची_हळद: एसएफईचा (दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने तेल काढणं) कार्बन डायऑक्साइड थेट जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफ, घटक वेगळे करणारं यंत्र) स्प्लिट इंजेक्टरमध्ये, म्हणजे बराचसा वायू बाहेर सोडून थोडाच आत घेणाऱ्या तोंडात, सोडून हळदीच्या तेलावर काम करतेय. ५० मिलिग्रॅम पूड, ३०० बार, ५० अंश, १० मिनिटं. रिस्ट्रिक्टर (दाब टिकवणारी टोकाची बारीक नळी) २५ मायक्रॉनचा. तेवढा वेळ जीसीचा ओव्हन ४० अंशांवर. तेलातल्या जड टर्मेरोनचे पीक सुईसारखे येतात, पण फेलँड्रीन आणि सिनिओल या हलक्या घटकांच्या जागी नुसता उंचवटा. शिवाय तिसऱ्या-चौथ्या रनला रिस्ट्रिक्टर चोंदतो. दोन आठवडे यातच गेले. कुठे चुकतंय?

जुना_कॉलम: एक्स्ट्रॅक्शन १० मिनिटं चालतं म्हणजे तुमचं इंजेक्शनच १० मिनिटांचं आहे. टर्मेरोन जड, ४० अंशांना कॉलमच्या (घटक वेगळे करणारी जीसीतली लांब नळी) तोंडाशीच बसून राहतं. फेलँड्रीन मात्र तेवढा वेळ पुढे सरकत राहतं, म्हणून पसरतं. ओव्हन उणे ३० पर्यंत थंड ठेवा आणि एक्स्ट्रॅक्शन संपल्यावरच तापमान चढवा. थंड करायची सोय नसेल तर जाड फिल्मचा (आतल्या लेपाचा) कॉलम घ्या, थोडा तरी फरक पडेल.

पण मग पाण्याचं बघावं लागेल. हळदीतला ओलावा त्या थंडीत गोठून कॉलम अडवतो. पूड ओव्हनमध्ये वाळवू नका, हलकं तेल आधीच उडून जाईल. निर्जल सोडियम सल्फेटमध्ये खलून भरा.

आणि ३०० बार कशाला? त्या दाबाला राळ, चरबी सगळं ओढलं जातं आणि रिस्ट्रिक्टरच्या टोकाशी दाब उतरला की तिथेच साचतं. मिरीवर काम करताना आमचाही असाच चोंदायचा. टोक कापून भिंगाखाली धरलं तर आत मेणासारखा पिवळट गोळा! तुम्हाला तेलच हवंय, तर १०० बार आणि ४० अंशांपासून सुरुवात करा.

वायुवेडा: स्प्लिट पूर्ण वेळ उघडा आहे ना? पंपातल्या १ मिलिलिटर द्रव कार्बन डायऑक्साइडचा बाहेर साधारण ५०० मिलिलिटर वायू होतो. तेवढा कॉलमला झेपत नाही.

सांगलीची_हळद: स्प्लिट उघडाच होता. जुना_कॉलम सर, तुम्ही सांगितलं तसं काल करून पाहिलं. फेलँड्रीन आणि सिनिओल चक्क वेगळे दिसले, इतका आनंद झाला! सहा रन झाले, रिस्ट्रिक्टर अजून मोकळा आहे. फक्त तीच पूड पुन्हा एक्स्ट्रॅक्ट केली तर टर्मेरोन थोडं येतंच.

जुना_कॉलम: म्हणजे १० मिनिटांत पूर्ण निघत नाही. दाब तोच ठेवा, वेळ २० मिनिटं करा, आणि दुसऱ्या फेरीत काही येत नाही तोवर आकडे धरू नका.